तापल्यावर बंद पडणारे पंपाचे इंजिन: कार्बोरेटरवर आळ घेण्यापूर्वी

गोव्यातल्या वाळपईच्या पलीकडे कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, असलेल्या एका गृहस्थांनी विचारले आहे की त्यांचा साडेपाच अश्वशक्तीचा दोन इंची पेट्रोल पंप सकाळी दुसऱ्या-तिसऱ्या ओढीला सुरू होतो, वीस-पंचवीस मिनिटे व्हाळाचे, म्हणजे ओढ्याचे, पाणी पोफळींना नीट पोहोचवतो आणि मग बंद पडतो. तासभर थंड होऊ दिला की तो पुन्हा सुरू होतो आणि पुन्हा तेवढ्याच वेळाने थांबतो. दोन वर्षांत तीन मेकॅनिक झाले, कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) दोनदा बदलून झाला, आणि आता तिसऱ्याने बोअर करून, म्हणजे सिलिंडर आतून कातून, रिंगा-पिस्टन नवे घालायला सांगितले आहे. हा खर्च करावा की नवा पंप घ्यावा, आणि पावसाळ्याचे चार महिने हे यंत्र ठेवावे कसे, असा त्यांचा प्रश्न आहे.

माझे डिचोलीत लहान इंजिनांच्या दुरुस्तीचे दुकान आहे. सत्तावीस वर्षांत पंप, गवत कापायची यंत्रे, पॉवर वीडर आणि लग्नमंडपातले जनरेटर एवढे हाताखालून गेले की आवाजावरून थोडाफार अंदाज येतो. पण आपले इंजिन माझ्यासमोर नाही, त्यामुळे नेमका दोष अमुकच असे मी इथून सांगू शकत नाही. तरी एक गोष्ट खात्रीने सांगतो: आपण सांगितलेल्या लक्षणांवरून बोअर करण्याचा निर्णय घेऊ नये. रिंगा झिजल्या असत्या तर इंजिनाने आधी ऑइल प्यायला सुरुवात केली असती, सायलेन्सरमधून निळसर धूर सोडला असता आणि सकाळी थंड असतानाही सुरू होताना त्रास दिला असता. आपले इंजिन सकाळी दुसऱ्या ओढीला सुरू होते. जे यंत्र थंडपणी निरोगी असते आणि तापल्यावरच आजारी पडते, त्याचा दोष तापण्याशी जोडलेला असतो. म्हणजे एकतर ते हवे त्यापेक्षा जास्त तापते आहे, किंवा नेहमीच्याच तापाला त्यातला एखादा भाग टिकत नाही. या दोन शक्यता वेगळ्या आहेत आणि पाना हातात घेण्यापूर्वी त्या वेगळ्या करणे आवश्यक आहे.

त्यासाठी पहिल्यांदा इंजिन बंद कसे पडते ते पाहा. या प्रश्नाचे उत्तर मालकालाच देता येते, मेकॅनिकला नाही, कारण दुकानात आणलेले इंजिन तोवर थंड झालेले असते आणि पहिल्या ओढीला सुरू होऊन मालकाला खोटे पाडते. इंजिन धापा टाकत, वर-खाली होत, शेवटचे दोन-चार आचके देत थांबत असेल तर त्याला पेट्रोल कमी पडते आहे. कोणी बटण दाबावे तसे एका क्षणात गप्प होत असेल तर स्पार्क तुटतो आहे. आणि आवाज जड होत होत, पाण्याची धार बारीक होत होत ते बसत असेल, थांबल्यावर दोरी नेहमीपेक्षा घट्ट ओढावी लागत असेल, तर ते खरोखरच भाजले जात आहे आणि तशा स्थितीत ते पुन्हा सुरू करण्याचा आग्रह धरू नये.

पहिला प्रकार असेल तर सर्वांत आधी टाकीचे झाकण बघावे. झाकणाला एक बारीक छिद्र असते, त्यातून टाकीत हवा जाते आणि तेवढीच जागा करून पेट्रोल खाली उतरते. ते छिद्र धुळीने किंवा मुंग्यांनी आणलेल्या मातीने बुजले की टाकी भरलेली असतानाही पेट्रोल उतरणे मंदावते आणि शेवटी थांबते. यासाठी लागणारा वेळ साधारण आपण सांगता तेवढाच असतो. इंजिन बंद पडल्यावर तासभर वाट पाहण्याऐवजी झाकण फिरवून सैल करावे, आत हवा शिरल्याचा ‘सुस्स’ आवाज येतो का ऐकावे, मिनिटभराने दोरी ओढावी. सुरू झाले तर दोष सापडला आणि खर्च शून्य. मात्र तापलेल्या इंजिनावर झाकण पूर्ण काढू नये आणि जवळ विडी पेटलेली नसावी. अशा वेळी कार्बोरेटर नवा घातला तर काय होते, तेही सांगतो: मेकॅनिक काम करताना टाकी उतरवतो, झाकण उघडतो, पुसतो, आणि पुढचे आठ दिवस पंप चालतो. श्रेय नव्या कार्बोरेटरला मिळते.

आपला कार्बोरेटर दोनदा बदललेला असल्यामुळे मला आणखी एक शंका येते. कार्बोरेटर आणि इंजिनाचे हेड (सिलिंडरचे वरचे झाकण) यांच्यामध्ये काळ्या रंगाचा, बोटभर जाड, प्लास्टिकसारखा दिसणारा एक ठोकळा असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना गॅस्केट असते. हेडची उष्णता कार्बोरेटरपर्यंत जाऊ नये हे त्या ठोकळ्याचे काम आहे. घाईत कोणी तो घातला नाही, तडकलेला तसाच ठेवला किंवा गॅस्केट उलटसुलट बसवले, तर कार्बोरेटरची वाटी तापत जाते, आतल्या पेट्रोलची वाफ होऊ लागते आणि इंजिन उपाशी राहते. हाताने अंदाज घेता येतो: इंजिन बंद पडताक्षणी वाटीला बोटाचे टोक लावून पाहा. ती कोमट असणे स्वाभाविक आहे, पण बोट टिकणार नाही एवढी गरम असेल तर तो ठोकळा तपासा. फटीतून हवा ओढली जात असेल तर मिश्रणात पेट्रोल कमी पडते, प्लगचे टोक पांढरे पडते आणि इंजिन अधिकच तापते. बंद पडण्याच्या बेतात असताना चोक (हवा कमी करणारी झडप) अर्धा ओढल्याने ते सावरत असेल, तर या शंकेला बळ मिळते.

दुसरा प्रकार, म्हणजे एका क्षणात गप्प होणे. इथे बहुतेकांची नजर स्पार्क तयार करणाऱ्या कॉइलवर जाते आणि ते चुकीचे नाही. कॉइलच्या आतली बारीक तार तापल्यावर तुटक होते आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळते. पण त्याआधी ऑइल बघा, आणि यंत्र कुठे ठेवले आहे ते बघा. या आकाराच्या अनेक इंजिनांत ऑइल कमी झाले की स्पार्क तोडणारा एक तरंगता स्विच खाली बसवलेला असतो. ऑइल काठावर असेल तर सकाळी ते सगळे तळाशी असते आणि स्विच समाधानी असतो. इंजिन चालू लागल्यावर तेच ऑइल आत सगळीकडे उडते, पातळ होते, तळाची पातळी उतरते आणि स्विच इंजिन बंद करतो. तासभराने ऑइल पुन्हा खाली उतरते, इंजिन सुरू होते. लक्षणे हुबेहूब बिघडलेल्या कॉइलची. कुळागरात हे जास्त घडते, कारण पंप पाण्याजवळ न्यायचा म्हणून आपण तो व्हाळाच्या उतारावर टेकवतो. या इंजिनांत ऑइलचा पंप नसतो. कनेक्टिंग रॉडला खाली एक लहानसा चमचा असतो, तो प्रत्येक फेऱ्यात ऑइलमध्ये बुडतो आणि ते वर उडवतो. इंजिन एका अंगावर कलले की चमच्याला ऑइल पुरत नाही. वीस अंशांहून जास्त कल चालत नाही असे समजा, आणि शक्यतो खाली दोन चिरे सपाट बसवून त्यावर पंप ठेवा. मी दुकान सुरू केले त्या काळात एका गिऱ्हाइकाला चांगली दीड हजारांची कॉइल घालून दिली होती. चार दिवसांनी त्यांच्या बागेत गेलो तेव्हा पंप इतका तिरका उभा होता की पाण्याचा तांब्या त्याच्यावर ठेवला असता तर गडगडत व्हाळात गेला असता. कॉइलचे पैसे मी परत केले.

ऑइल तपासताना इंजिन सपाट जागी असावे, काडी पुसून पुन्हा घालावी पण ती आटे फिरवून आवळू नये, नुसती टेकवावी. आटे फिरवले तर पातळी आहे त्यापेक्षा जास्त दिसते. पातळी भरण्याच्या तोंडाच्या काठापर्यंत असली पाहिजे. ऑइल पुरेसे असेल, यंत्र सपाट असेल आणि तरीही ते एका क्षणात थांबत असेल, तर बंद पडल्यावर लगेच, ते थंड होण्याआधी, स्पार्क पाहावा. प्लग काढून टोपीत घालावा, त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या अंगाला टेकवावा, पण प्लगच्या छिद्रापासून दूर, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर पडत असते. स्विच चालू ठेवून दोरी ओढावी. निळसर, टणक ठिणगी दिसली तर कॉइल निर्दोष आहे. ठिणगी नसेल तर ऑइलच्या स्विचकडून येणारी तार तपासणीपुरती सुटी करून पुन्हा बघावे. आता आली तर दोष स्विचचा किंवा ऑइलचा, तरीही नाही आली तर कॉइलचा. तपासणी झाल्यावर ती तार पुन्हा जोडावी. ती कायमची तोडून ठेवल्यामुळे जाम झालेली इंजिने मी पुष्कळ पाहिली आहेत. कॉइल आणि मॅग्नेट (तिच्याजवळ फिरणारे चुंबक बसवलेले चाक) यांच्यामधले अंतर सुमारे ०.४ मिमी असते. आपल्याकडच्या दमट हवेत मॅग्नेटच्या चेहऱ्यावर गंज चढतो, तो बारीक पॉलिश पेपरने काढावा आणि जाडसर व्हिजिटिंग कार्ड मध्ये सरकवून कॉइल आवळावी. फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) असेल तर उत्तमच.

आता तिसरा प्रकार, आणि माझ्या मते आपल्या इंजिनात थोडाफार हा असणारच, मुख्य दोष दुसरा कुठलाही असला तरी. या इंजिनाला रेडिएटर नाही, पाणी नाही, पंप पाणी उचलतो म्हणून ते पाणी इंजिनाला थंड करते असेही नाही. त्याला थंड करते ती हवा, आणि ती हवा आपोआप येत नाही. दोरीच्या बाजूला जाळी असते, तिच्यामागे मॅग्नेटवर पंख्यासारखी पाती असतात. ती पाती जाळीतून हवा ओढतात आणि पत्र्याच्या आवरणाखालून सिलिंडरच्या आणि हेडच्या खाचांमधून जोराने ढकलतात. म्हणजे ते पत्र्याचे आवरण नुसते झाकण नसून हवेचा पाट आहे. पाटाची कड फुटली तर पाणी जसे शेवटच्या पोफळीपर्यंत पोहोचत नाही, तसे आवरण सैल झाले, वाकले किंवा काढून ठेवले तर हवा हेडपर्यंत पोहोचत नाही. ‘उघडे ठेवले तर वारा लागून जास्त थंड राहील’ असे समजून आवरण काढून पंप चालवणारे लोक मला दरवर्षी भेटतात.

हा पाट आतून बुजतो, आणि बाहेरून ते दिसत नाही. आवरण उतरवायला दहाचा पाना पुरतो. आधी दोरीचा भाग, मग टाकी किंवा तिच्याखालचे बोल्ट आड येत असतील तर ते, मग आवरण. गेल्या वर्षी फाल्गुनात एक पंप असाच ‘कार्बोरेटर बदला’ म्हणून दुकानात आला होता. आवरण उचलले तेव्हा हेडच्या बाजूच्या खाचा दिसतच नव्हत्या. लाल माती, झिरपलेले ऑइल आणि पोफळीच्या विरीचे (झावळीच्या बुडाशी असलेल्या रुंद आवरणाचे) सुटलेले धागे यांचा एक घट्ट थर बसला होता, विटेसारखा, आणि त्याच्यावर कुंभारीण माशीने दोन मातीची घरटी बांधली होती. प्लगच्या मागची जागा तर पूर्ण भरलेली. बांबूची चिपाटी करून मी तो थर खरवडला तेव्हा तो ढेकळांनी पडला, आणि एका ढेकळात खाचांचे ठसे उमटले होते. मुठीत मावेल एवढी माती निघाली. तो पंप त्याच कार्बोरेटरवर अजून चालतो आहे.

खाचा साफ करताना लोखंडी स्क्रू-ड्रायव्हर वापरू नये, ॲल्युमिनियमच्या खाचा मोडतात. लाकडाची चिप, रॉकेलमध्ये बुडवलेला ब्रश आणि शेवटी कोरडे फडके एवढे पुरते. प्रेशरच्या पाण्याने धुण्याची हौस टाळावी, आणि गरम इंजिनावर तर पाण्याचा थेंबही टाकू नये. आवरण परत बसवताना सगळे बोल्ट लावावेत. दुरुस्तीत एखादा बोल्ट हरवणे आणि तो न लावणे ही आपल्या धंद्यातली जुनी सवय आहे, हे मान्य करतो. किनाऱ्याकडच्या, म्हणजे मोरजी-हरमलकडच्या पंपांवर मातीऐवजी पांढरी पूड दिसते. तो खाऱ्या हवेने धरलेला बुरशीसारखा गंज असतो आणि तिथे तारांची टोकेही तपासावी लागतात.

पंप कुठे उभा आहे हेही याच विषयात येते. चोरीच्या भीतीने अनेकांनी पंपाभोवती चिऱ्यांची लहान खोली बांधली आहे किंवा झावळ्यांनी तो चहूकडून झाकला आहे. अशा जागेत इंजिन स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढते. चालू असताना त्याच्या चारही बाजूंना निदान मीटरभर मोकळी जागा असावी. बंद खोलीत तर ते चालवूच नये, कारण त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही आणि माणूस आत जाऊन बेशुद्ध पडतो. काजूच्या दिवसांत सायलेन्सरखालचा पाचोळा झाडून घ्यावा, हे सत्तरी तालुक्यातल्या माणसाला मी वेगळे सांगायला नको.

एवढे करूनही गरम इंजिन सुरू होत नसेल, तर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह (हवा-धुराच्या झडपा) आणि त्यांना ढकलणारा भाग यांच्यातली फट, तपासावेत. होंडाच्या १६३ सीसी जीएक्स १६० या इंजिनाचे आकडे देतो, कारण बाजारातली बरीच साडेपाच अश्वशक्तीची इंजिने त्याच आराखड्यावर बेतलेली आहेत. तरी आपल्या पुस्तिकेत वेगळे आकडे असतील तर तेच धरावेत. इनलेटला ०.१५ मिमी आणि एक्झॉस्टला ०.२० मिमी, इंजिन पूर्ण थंड असताना आणि पिस्टन दाबाच्या फेऱ्यात अगदी वर असताना. व्हॉल्व्हची बैठक झिजत गेली की हे अंतर कमी होत जाते, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापून लांबला की पूर्ण मिटत नाही. उलट अंतर फार वाढले तर सुरू करताना दाब थोडा सोडून देणारी यंत्रणा काम करत नाही आणि दोरी हाताला हिसका देते. या यंत्रणेमुळेच नुसती दोरी ओढून दाबाचा अंदाज घेणे फसवे ठरते. बऱ्याच इंजिनांत प्लग बसवलेला असताना आणि स्विच बंद असताना मॅग्नेट हाताने उलट दिशेने फिरवला की खरा दाब कळतो; तो जोरात उसळून मागे आला तर रिंगा आणि व्हॉल्व्ह ठीक आहेत. बोअर करायला सांगणाऱ्या मेकॅनिकसमोर ही तपासणी आपण करून दाखवा.

रोजच्या देखभालीत ऑइलचा विषय मला सगळ्यांत जास्त बोलावासा वाटतो, कारण तिथे गणित चुकते. लोक विचारतात, ‘वर्षातून एकदा बदलले तर चालेल ना?’ या इंजिनात जेमतेम ६०० मिलि ऑइल असते आणि ते नुसते वंगण नाही. आतली उष्णता बाहेरच्या भिंतीपर्यंत नेण्याचे कामही तेच करते. नव्या इंजिनाचे पहिले ऑइल वीस तासांनी आणि त्यानंतर दर शंभर तासांनी किंवा सहा महिन्यांनी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा बदलायचे असते. आपण डिसेंबरपासून मेपर्यंत रोज तीन तास पाणी लावता असे धरले तर हंगामात सुमारे साडेपाचशे तास होतात, म्हणजे पाच वेळा ऑइल. ताशी ४० किलोमीटरने चालणाऱ्या मोटारसायकलशी तुलना केली तर ते २२,००० किलोमीटर झाले. एवढ्या अंतरात मोटारसायकलचे ऑइल एकदाही न बदलणारा माणूस मला माहीत नाही. दहा-तीस ग्रेडचे चारस्ट्रोकचे चांगले ऑइल घ्यावे. इंजिन गरम असतानाच जुने ऑइल काढावे, म्हणजे गाळ सोबत येतो. जास्त भरू नये, कारण चमचा ते घुसळून फेस करतो. काढलेल्या ऑइलला पेट्रोलचा वास आला किंवा पातळी आपोआप वाढलेली दिसली, तर कार्बोरेटरची सुई गळते आहे आणि पेट्रोल खाली उतरते आहे असे समजावे. म्हणून काम संपल्यावर पेट्रोलचा कॉक बंद करण्याची सवय लावावी.

एअर फिल्टरचे थोडक्यात सांगतो. स्पंज असेल तर साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून, स्वच्छ ऑइलमध्ये बुडवून घट्ट पिळून बसवावा. कागदाचा असेल तर हलके आपटून धूळ काढावी. त्याला पाणी किंवा ऑइल लावू नये. फिल्टरशिवाय चालवलेले इंजिन जांभ्याच्या लाल धुळीत एका हंगामात रिंगा खाते, आणि मग बोअर करायला सांगणारा मेकॅनिक बरोबर ठरतो. प्लग घेताना स्कूटरचा ‘बसतो ना’ म्हणून घेऊ नये. या इंजिनाला बीपीआर ६ ईएस हा प्लग येतो. त्यातला सहा हा आकडा तो किती उष्णता बाहेर टाकतो हे सांगतो आणि ई हे अक्षर आट्यांची लांबी. फट ०.७ ते ०.८ मिमी ठेवावी. टोकाचा रंग फिकट तपकिरी असेल तर सगळे ठीक आहे.

पाणी कमी येते म्हणून गव्हर्नरच्या (इंजिनाचा वेग आवरणाऱ्या यंत्रणेच्या) स्प्रिंगला तार बांधून वेग वाढवणे हा आपल्याकडचा आवडता उपाय आहे. ही इंजिने मिनिटाला ३६०० फेऱ्यांच्या हिशेबाने बनवलेली असतात. त्यापुढे नेली तर कनेक्टिंग रॉड तुटून केसिंग फोडून बाहेर येतो. पाणी कमी येण्याचे कारण बहुधा पंपाच्या बाजूला असते: पाइपच्या सांध्यातून ओढली जाणारी हवा, पानांनी बुजलेली जाळी, किंवा पाणी सात-आठ मीटरहून खोल गेलेले असणे. पंपात पाणी भरल्याशिवाय सुरू करू नये, आतले सील काही मिनिटांत जळते. बंद करताना वेग कमी करून मिनिट-दोन मिनिटे तसेच चालू द्यावे आणि मग थांबवावे.

शेवटी पावसाळा. माझ्या दुकानात चवथ झाल्यापासून दिवाळीपर्यंत जी गर्दी होते, ती सगळी जूनमध्ये झालेल्या दुर्लक्षाची असते. आता पेट्रोल विकणाऱ्या पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतले पाणी शोषते. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या ओलाव्यात ते पाणी तळाशी वेगळे होते, कार्बोरेटरच्या वाटीत पांढरी पूड धरते, आणि उडून गेलेल्या पेट्रोलचा डिंकासारखा थर जेटमध्ये (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रात) बसतो. म्हणून पहिला मोठा पाऊस लागण्यापूर्वी टाकी पूर्ण रिकामी करावी, वाटीच्या खालचा स्क्रू सैल करून तिच्यातलेही पेट्रोल काढावे. काढलेले पेट्रोल ताजे असेल तर गाळून गाडीत वापरता येते. जेट बुजलाच असेल तर त्यात तार घालू नये, छिद्र मोठे होते. क्लीनरचा फवारा आणि हवा यांनी तो मोकळा करावा.

जुने ऑइल काढून नवे भरावे, कारण जुन्या ऑइलमधले आम्ल आणि पाणी बसल्या जागी बेअरिंग खातात. प्लग काढून छिद्रात चमचाभर, म्हणजे पाच ते दहा मिलि स्वच्छ ऑइल सोडावे, स्विच बंद ठेवून दोरी दोन-तीनदा हळू ओढावी आणि प्लग लावावा. यंत्र जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावे, प्लास्टिकने गुंडाळू नये, आत घाम सुटतो. जुनी चादर बरी. सायलेन्सरच्या तोंडात आणि जाळीवर फडके कोंबावे, म्हणजे उंदीर आणि कुंभारीण आत जात नाहीत, आणि त्या फडक्याला लाल रिबन बांधावी, नाहीतर ऑक्टोबरात ते काढायचे राहते आणि मग पंप सुरू होत नाही म्हणून माझ्याकडे येतो. सगळे झाल्यावर दोरी हळू ओढत न्यावी, हाताला अडकल्यासारखी लागेल तिथे थांबावे आणि अलगद परत सोडावी. त्या स्थितीत दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात आणि ओली हवा सिलिंडरमध्ये शिरत नाही.

आपण आधी टाकीचे झाकण, मग ऑइलची पातळी आणि चिऱ्यांवरची बैठक, मग पत्र्याच्या आवरणाखालची माती आणि तो काळा ठोकळा, या क्रमाने बघा. यांतल्या एकालाही पाना आणि फडके यांपलीकडे काही लागत नाही. त्यानंतरही पंप थांबला तर तो कसा थांबला, थांबल्यावर स्पार्क होता की नव्हता आणि चोक ओढल्याने काय झाले, एवढ्या तीन गोष्टी कळवा. पुढचे मग टॅपेट आणि कॉइल यांच्यापुरतेच उरते.